शाळेचं गेट बंद होतं, पण मीटिंग चालू होती

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडते, म्हणजे बाकी वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. तुम्ही एकेचाळीस वर्षांचे. राहायला ऐरोली, नोकरी वागळे इस्टेटला. संध्याकाळी सुटल्यावर रोज दारू. श्रावण आणि गणपती मिळून चव्वेचाळीस दिवस शिवला नाहीत, विसर्जनाच्या रात्री पुन्हा सुरू झाली आणि तेव्हापासून वाढतच गेली. हल्ली सकाळी चहाचा कप दोन्ही हातांनी धरावा लागतो. नेटवर अल्कोहोलिक्स ॲनॉनिमसचा, म्हणजे दारू सोडू पाहणाऱ्यांनी एकत्र बसून एकमेकांना आधार द्यायच्या एए या संघटनेच्या मीटिंगचा, एक पत्ता सापडला म्हणून गुरुवारी सातला ठाण्यात त्या जागी गेलात. ती शाळा निघाली. गेटला कुलूप. वॉचमनने विचारलं, "काय काम आहे?" तुमच्या तोंडून शब्द फुटला नाही. परत फिरलात आणि स्टेशन गाठायच्या आत एक क्वार्टर झाली. आता विचारताय, घराजवळची, मराठीतली, खरोखर चालू असलेली मीटिंग कशी शोधू, आणि तिथे ओळखीचं कोणी भेटलं तर काय करू?

मी ठाण्यात एकोणीस वर्षं व्यसनमुक्ती समुपदेशक म्हणून काम करते. सर्वात आधी एक सांगते. तुम्ही त्या गेटपर्यंत गेलात. माझ्याकडे येणाऱ्यांपैकी कित्येक जण पत्ता खिशात ठेवून सहा-सहा महिने फिरतात आणि रिक्षात बसत नाहीत. तुम्ही बसलात, उतरलात, उभे राहिलात. ते वाया गेलेलं नाही.

बहुतेक त्या संध्याकाळी मीटिंग चालूच असणार. शाळेत भरणाऱ्या मीटिंगला मुख्य गेट सहसा उघडत नाहीत. बाजूच्या गल्लीतला छोटा दरवाजा असतो, किंवा वॉचमन फक्त "मीटिंगला आलोय" म्हणणाऱ्याला आत सोडतो. हे नेटवरच्या यादीत लिहिलेलं नसतं. शिवाय जागा शाळेची, म्हणजे परीक्षा आल्या, मे महिन्याची सुट्टी लागली, निवडणुकीचं मतदान केंद्र बसलं की मीटिंग आठवडा-दोन आठवडे दुसरीकडे हलते. एए स्वतःची इमारत घेत नाही, बाहेरच्यांकडून देणगीही घेत नाही. सभासदांनी टोपलीत टाकलेल्या दहा-वीस रुपयांतून खोलीचं भाडं आणि चहा निघतो. म्हणून जागा नेहमी दुसऱ्याच्या: शाळेचा वर्ग, चर्चचा हॉल, एखाद्या संस्थेची खोली. आज मी इथे पत्ता लिहिला आणि तुम्ही दोन महिन्यांनी वाचलात, तर पुन्हा कुलूपच बघाल.

ही चूक मी स्वतः केली आहे. कामाला लागून दुसरं-तिसरं वर्ष असेल. कळव्याचा एक फिटर माझ्याकडे यायचा. मी त्याला कागदावर नीट अक्षरात तीन पत्ते लिहून दिले आणि मला वाटलं, झालं माझं काम. पहिल्याच ठिकाणी मीटिंगचा वार बदलला होता. तो परत आला नाही, ना तिथे, ना माझ्याकडे. त्या कागदाची आठवण अजून जात नाही. तेव्हापासून मी कुणालाही नुसता पत्ता देत नाही. आधी माणूस जोडून देते, मग जागा.

तुमच्या प्रश्नाचं माझं उत्तर हेच आहे. पहिल्या वेळी जागा शोधू नका, गेटवर तुमची वाट बघणारा एक माणूस शोधा. एएची सुरुवातही अशीच झाली. मे १९३५ मध्ये बिल विल्सन नावाचा शेअर दलाल कामासाठी अमेरिकेतल्या ॲक्रन गावी गेला होता. पाच-सहा महिन्यांपूर्वीच दारू सुटलेली, व्यवहार फसलेला, हॉटेलच्या एका टोकाला बार. आता आपण पिणार हे त्याला कळलं. त्याने तिथल्या चर्चच्या यादीवरून फोन करायला सुरुवात केली, मला कुणीतरी दुसरा दारुडा भेटवून द्या म्हणून. भेटला तो डॉक्टर बॉब स्मिथ, व्यवसायाने सर्जन, स्वतः गळ्यापर्यंत बुडालेला. बॉबने १० जून १९३५ ला शेवटचा घोट घेतला आणि तोच दिवस एएचा स्थापना दिवस मानतात. लक्षात घ्या, त्या फोनची गरज बिललाच होती. म्हणून तुम्ही फोन कराल तेव्हा "कशाला कुणाला त्रास" असं मनात आणू नका. पलीकडच्या माणसाची दारू तुमच्यासारख्यांशी बोलण्यानेच दूर राहते. न्यूकमर आला की गटाला खरंच आनंद होतो.

फोन कुणाला करायचा? एए इंडियाच्या वेबसाइटवर मीटिंगची यादी आणि मुंबई परिसराचे संपर्क असतात. तिथल्या वेळेवर विसंबू नका, यादी फक्त फोनसाठी वापरा. दुसरा मार्ग केंद्र सरकारच्या व्यसनमुक्ती हेल्पलाइनचा, १४४४६. टोल फ्री आहे. मनाची घालमेल असह्य झाली, रात्री दोनला झोप नाही, नको ते विचार येतायत, तर टेली-मानस ही सरकारची मानसिक आरोग्याची हेल्पलाइन, १४४१६. तिथे चोवीस तास माणूस असतो आणि मराठीत बोलता येतं. तिसरा मार्ग मुक्तांगणचा. १९८६ साली डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनी पुण्यात सुरू केलेल्या या व्यसनमुक्ती केंद्राचे पाठपुरावा गट पुण्याबाहेरही चालतात, आणि एएपेक्षा वेगळ्या ढंगाचं, पूर्ण मराठी वातावरण हवं असेल तर तिथे चौकशी जरूर करा. ठाण्यात आयपीएच ही डॉ. आनंद नाडकर्णींनी १९९० साली सुरू केलेली मानसिक आरोग्याची संस्था आहे. तिथेही या विषयाची जाण असलेली माणसं भेटतात.

फोन दुपारी जेवणाच्या सुट्टीत करा. संध्याकाळी सातला करू नका, तेव्हा तुमचं मन आधीच बारच्या दाराशी पोचलेलं असतं. काय बोलायचं तेही सांगते, कारण तिथेच जीभ अडते: "मी नवीन आहे. मला दारू सोडायची आहे. ऐरोलीला राहतो, ठाण्यात कामाला आहे. या आठवड्यात मीटिंग नक्की कुठे आहे? मला गेटवर कोणी भेटेल का?" बास. नाव सांगायचं नसेल तर सांगू नका, पाळण्यातलं नाव सांगितलंत तरी चालतं. मीटिंग मराठी की हिंदी, ओपन की क्लोज्ड, हेही विचारून घ्या. ओपनला कुणीही येऊ शकतं, घरचे, विद्यार्थी, माझ्यासारखे. क्लोज्ड फक्त ज्यांना स्वतःची दारू सोडायची आहे त्यांच्यासाठी. तुम्ही दोन्हीकडे जाऊ शकता. एकदा फोन उचलला गेला नाही तर दुसरा नंबर लावा. ही माणसंही नोकरीला असतात, लोकलमध्ये लटकलेली असतात.

आता मीटिंग निवडायची कशी. तुम्ही "घराजवळची" म्हणालात. मी जरा वेगळं सुचवते. तुम्ही पिता कधी? साडेसहा ते नऊ, काम सुटल्यापासून नऊ-दहा नंबरच्या प्लॅटफॉर्मवर पनवेल किंवा वाशीची गाडी पकडेपर्यंत. मग मीटिंग त्या वेळेत आणि त्याच रस्त्यावर हवी. ऐरोलीत घराच्या मागच्या गल्लीत रविवारी सकाळी अकराची मीटिंग मिळाली तरी ती गुरुवारच्या संध्याकाळी उपयोगाची नाही. घरी पोचल्यावर बूट काढून पुन्हा बाहेर पडणं जवळजवळ कुणाला जमत नाही. ठाणे स्टेशनच्या आसपास, नौपाडा-कोपरीच्या पट्ट्यात मिळाली तर तुम्ही कामावरून थेट जाल. नाहीतर ट्रान्स-हार्बरवर ऐरोलीच्या पुढे, घणसोली, कोपरखैरणे, वाशी असं बघा. एका गटाची मीटिंग आठवड्यातून एक-दोनदाच असते, म्हणून दोन-तीन वेगवेगळे गट जोडून आठवडा भरायचा. एएत नव्या माणसाला नव्वद दिवसांत नव्वद मीटिंगा करायला सांगतात. नोकरी, लोकल आणि घर सांभाळून हे सगळ्यांना जमत नाही. आठवड्याला तीन, तेही तुमच्या पिण्याच्या वेळेत, एवढं जरी पहिले तीन महिने केलंत तरी मला बरं वाटेल. शिफ्ट बदलती असेल तर ऑनलाइन मीटिंगा आहेत. रात्री अकराला तलफ आली तर त्या देवासारख्या धावून येतात. पण कॅमेरा बंद करून ऐकणाऱ्याला सगळं लपवता येतं, म्हणून त्यांच्यावरच राहू नका.

आत काय होतं, ते सांगते. काही वर्षांपूर्वी एका गटाच्या ओपन मीटिंगला मला बोलावलं होतं. महापालिकेच्या शाळेतला दुसरी-तिसरीचा वर्ग. फळ्यावर सातचा पाढा अर्धवट पुसलेला. बाकं लहान मुलांची, त्यामुळे मोठी माणसं आडवी बसलेली, गुडघे बाहेर. टेबलावर पुठ्ठ्याच्या पाट्या मांडलेल्या, त्यातली एक "फक्त आजचा दिवस". स्टीलच्या किटलीतून चहा, सोबत पार्ले-जी. एक रिक्षावाले काका उठले, नाव सांगितलं, "मी मद्यपी आहे" म्हणाले, आणि मुलीच्या बारशाला आपण कुठे पडलो होतो ते सांगितलं. आवाज चढला नाही, रडले नाहीत. माझ्या शेजारी इस्त्रीच्या शर्टातला एक बँकवाला बसला होता, पहिल्यांदाच आलेला. पूर्ण वेळ त्याने हातातला कागदी कप चुरगाळून चुरगाळून गोळा केला होता. काकांचं बोलणं संपल्यावर त्याने तो गोळा टेबलावर ठेवला आणि मला हळूच विचारलं, "हे माझ्याबद्दल यांना कुणी सांगितलं?" या खोल्यांत जे घडतं ते एवढंच आहे, आणि ते मला माझ्या खुर्चीत बसून घडवता येत नाही. मला पुस्तकातली दारू माहीत आहे, त्यांना त्यांची.

कुणी तुमच्यावर बोलायची सक्ती करणार नाही. "आज फक्त ऐकतो" म्हणा. फी नाही, हजेरीपट नाही, सही नाही. सभासद व्हायला दारू सोडायची इच्छा एवढी एकच अट आहे. त्या दिवशी प्यायला असाल तरी जा, गाडी चालवत मात्र नको. शेवटच्या बाकावर गप्प बसू देतात. चर्चच्या हॉलमध्ये मीटिंग असली की काही जण बिचकतात, घरचे विचारतात हे धर्माचं काय प्रकरण आहे. जागा भाड्याची आहे, एवढाच त्याचा अर्थ. एएच्या बारा पायऱ्यांत, म्हणजे दारूपासून दूर राहण्यासाठी एकेक करून गिरवायच्या बारा सूत्रांत, देवाचा उल्लेख येतो, पण "आपल्याला जसा समजला तसा" या शब्दांत. विठ्ठल मानणारे, काहीच न मानणारे, दोघंही एकाच बाकावर बसलेले मी पाहिलेत. एखाद्या गटात तुम्हाला देवाचं जास्तच वाटलं, किंवा सगळे साठीचे आणि तुम्ही एकटे चाळिशीचे, तर दुसरा गट बघा. पण एकाच गटात किमान चार वेळा गेल्याशिवाय मत बनवू नका. पहिल्या मीटिंगला आपण लाजेने अर्धं ऐकतच नाही.

ओळखीचं कोणी भेटलं तर? भेटेलही. ऐरोली-ठाण्यात तुमची हयात गेली आहे. पण तो माणूस तिथे कशाला आलेला असेल, याचा विचार करा. तुमचं गुपित त्याच्याकडे, त्याचं तुमच्याकडे. इथे ऐकलेलं इथेच ठेवायचं हा तिथला पाळलेला दंडक आहे. यामागे कायदा नाही, माणसांचा शब्द आहे, आणि माझ्या अनुभवात तो शब्द फार क्वचित मोडला गेलाय. तरी धास्ती वाटत असेल तर पहिला महिना दोन स्टेशनं लांबच्या गटात जा. आणि हळूच एक सांगते: रोज संध्याकाळी स्टेशनजवळच्या बारमधून बाहेर पडताना तुम्हाला किती ओळखीच्यांनी पाहिलं असेल?

आता तुमच्या चहाच्या कपाबद्दल, आणि हे मीटिंगच्याही आधीचं आहे. सकाळी हात थरथरतात, याचा अर्थ शरीराला दारूची सवय लागली आहे. मीटिंगला जाऊन आल्यावर जोशात एकदम बंद करू नका. शेवटच्या पेगनंतर साधारण सहा ते बारा तासांत थरथर, घाम, मळमळ सुरू होते. पहिल्या ४८ तासांत फिट येऊ शकते. दोन ते चार दिवसांत काहींना भास होतात, कुठे आहोत ते कळत नाही, ताप चढतो. यात माणूस दगावू शकतो. श्रावणात काही झालं नव्हतं म्हणून यावेळीही होणार नाही असं धरू नका. दर वेळी सोडून पुन्हा पिताना हा त्रास वाढत जातो. मानसोपचारतज्ज्ञ काही दिवस औषधं देऊन हे उतरवतात, सोबत बी-१ जीवनसत्त्व देतात. कळव्याच्या छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालयात मानसोपचाराची ओपीडी आहे, खिशाला परवडणारी. आधी कधी फिट आली असेल तर डॉक्टरांना पहिल्याच वाक्यात सांगा. डॉक्टर आणि मीटिंग यांत निवड करायची नसते, दोन्ही लागतात. मीटिंगमध्ये कुणी "गोळ्या फेकून दे" म्हणालं तर ते त्याचं वैयक्तिक मत समजा.

लोकलच्या डब्यात "पिणाऱ्याच्या नकळत दारू सोडवा" अशी स्टिकरं तुम्ही रोज बघत असाल. तुमच्या बायकोनेही बघितली असतील, म्हणून त्यांना हे वाचून दाखवा. डायसल्फिराम नावाचं एक औषध आहे, ते पोटात असताना दारू घेतली तर चेहरा लाल होतो, ओकाऱ्या होतात, रक्तदाब कोसळतो, प्रसंगी जीव जातो. डॉक्टरांनी तपासून, पिणाऱ्याला पूर्ण समजावून, त्याच्या संमतीने द्यायचं ते औषध आहे. भाजीत कालवायचं नाही. आणि उचलून गाडीत घालून नेणाऱ्या "केंद्रां"पासून लांब राहा. दारूमुळे आलेल्या मानसिक स्थितीही २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात येतात आणि रुग्ण म्हणून तुम्हाला हक्क आहेत.

श्रावणाचं तुम्ही दोनदा लिहिलंत, "तेव्हा जमलं होतं, म्हणजे ताबा आहे ना?" हा प्रश्न मला दर वर्षी भाद्रपदात ऐकू येतो. ते चव्वेचाळीस दिवस खरे आहेत, त्यांची किंमत मी कमी करत नाही. पण तेव्हा अख्खी आळी तुमच्यासोबत थांबली होती. बसायला बोलावणारे मित्रही थांबले होते, आणि शेवटची तारीख कॅलेंडरवर छापलेली होती. विसर्जनानंतर काय करायचं हे मात्र कुणीच ठरवलं नव्हतं. माळ घातलेल्यांची दारूबंदी टिकते ती का? माझ्या मते माळेमागे वारी असते, दिंडी असते, एकादशीला हाक मारणारी माणसं असतात. गटात तेच मिळतं. पुढे स्पॉन्सर मिळेल, म्हणजे तुमच्याआधी काही वर्षं कोरडा राहिलेला एक जण, ज्याला गटारीच्या संध्याकाळी किंवा एकतीस डिसेंबरला फोन लावता येतो.

याने फरक पडतो का, हे तुम्ही विचारलं नाहीत, पण मनात असणार. कॉक्रन या वैद्यकीय अभ्यास एकत्र तपासणाऱ्या संस्थेच्या २०२० च्या आढाव्यात २७ अभ्यास आणि १०,५६५ माणसं होती. एए आणि बारा पायऱ्यांच्या पद्धतशीर कार्यक्रमात गेलेल्यांपैकी वर्षाने सुमारे ४२ टक्के पूर्ण कोरडे होते, इतर उपचारांत ३५ टक्के. म्हणजे निम्म्याहून जास्त जण पुन्हा प्यायले होते, हेही खरं. त्यातले बरेच जण परत येतात. पुन्हा प्यायलात तर दुसऱ्या दिवशी दुपारी त्याच नंबरवर फोन करा आणि तसं सांगा. तिथे कुणाला धक्का बसत नाही.

बायकोला तुमच्यासाठी फोन करायला लावू नका, तो तुम्हीच करा. त्यांच्यासाठी अल-अनॉन आहे, पिणाऱ्यांच्या घरच्यांचा गट, १९५१ पासून चालू असलेला. मुक्तांगणमध्येही पत्नींसाठी "सहचरी" गट आहे. तुम्ही सोडा किंवा सोडू नका, त्यांनी तिथे जावं असं मला वाटतं. इतकी वर्षं त्या रात्री साडेदहापर्यंत जेवायच्या थांबल्यात, असं तुम्हीच लिहिलंय.

तर उद्या सकाळी ओपीडी, दुपारी फोन. जो कोणी गेटवर भेटायला तयार होईल त्याचा नंबर घेऊन ठेवा आणि निघताना त्याला मेसेज टाका, म्हणजे परत फिरावंसं वाटलं तरी तो फोन करेल. गेट बंद दिसलं तर बाजूच्या गल्लीत बघा. आणि वॉचमनने विचारलं, काय काम आहे, तर "मीटिंगला आलोय" एवढंच म्हणा. पुढचं तो विचारत नाही.